तटबंदीच्या आतल्या एखाद्या जुन्या समुद्रकाठच्या शहरात तुम्ही थोड्या वेळापुरते गेला आहात का? काय लक्षात राहिलं?

हो, वसईला. जेमतेम चार तास मिळाले, पण त्या चार तासांची ओढ फार जुनी होती.

माझं गाव वाईजवळ, सातारा जिल्ह्यात. सुट्टीत आम्ही पोरं मेणवलीच्या घाटावर कृष्णेत डुंबायला जायचो. तिथं एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ हे साल. आजी सांगायची, "चिमाजीआप्पांनी वसई घेतली तवाची ही घंटा. नाना फडणवीसांनी हितं आणून बांधली." वसई कुठं, काय, काही ठाऊक नव्हतं. त्यामुळं आतेबहिणीचं लग्न वसईजवळच्या नायगावला निघालं तेव्हा किल्ला बघितल्याशिवाय परतायचं नाही, असं दादानं आणि मी घरातूनच ठरवून निघालो.

आमच्याकडं किल्ला म्हटलं की आधी चढ. पांडवगड असो की वैराटगड, घाम गाळल्याशिवाय दरवाजा दिसत नाही. वसईत रिक्षा सरळ तटाच्या आत शिरली. रस्ता तसाच पुढं किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात जातो. मी सवयीनं टाकी, बुरूज शोधत होतो आणि आत निघालं अख्खं शहर. चर्च, मठ, वाडे, मधून गल्ल्या. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहानं वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढं दोनशे वर्षं ते इथं संसार मांडून राहिले. आता छप्पर जवळजवळ कुठंच नाही. नागासाकीत १५९७ मध्ये क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया मूळचे इथले, त्यांच्या नावाचं चर्च तेवढं सावरलेलं आहे.

फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये मात्र आम्ही पाऊण तास थांबलो. तिथली जमीनच थडग्यांच्या शिळांची आहे. एकेका शिळेवर घराण्याचं चिन्ह आणि खाली पोर्तुगीज अक्षरं. पायाखाली येणाऱ्या ओळी गुळगुळीत झाल्यात, भिंतीकडेच्या अजून स्पष्ट आहेत. दादानं बाटलीतलं पाणी एका शिळेवर ओतलं तशी अक्षरं उठून आली. वाचता आली नाहीत, तरी आम्ही दोघांनीही चपला काढून हातात घेतल्या.

मे १७३९ मध्ये वसई पडली. छत्रपती शाहू महाराजांची गादी तेव्हा साताऱ्यात होती, म्हणून शाळेत हा विजय आम्ही आपल्या घरचा समजून शिकलो. अभिमान मला आजही आहे. आपल्या माणसांनी तटाखाली सुरुंग पेरले, खिंडारात जीव दिले. पण तहानंतर पोर्तुगीज सामान घेऊन निघाले तेव्हा या शिळा त्यांना इथंच ठेवून जावं लागलं, हे तिथं उभं राहिल्यावरच पहिल्यांदा डोक्यात आलं.

बंदराकडच्या दरवाजाजवळ सेंट जोसेफचं चर्च आहे, दारावरच्या शिळेवर १६०१ साल. त्याच्या मनोऱ्यात गोल जिना आहे, एका वेळी एकच माणूस मावेल असा, आणि मिट्ट काळोख. वर पोचलो आणि एकदम वसईची खाडी, माडांचे शेंडे, खाली वाळत घातलेले बोंबील. घंटेच्या जागी नुसती मोकळी कमान.

तिथूनच आजीला फोन लावला. "आजी, वसईच्या मनोऱ्यावर आहे. घंटेची जागा रिकामी आहे गं."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मग आता तिथं काय वाजतं रं?"

मी फोन खाडीकडं धरला. कोळ्यांच्या होड्या परत येत होत्या, त्यांच्या इंजिनांचा आवाज तिला ऐकवला.