डूला ठरली, पण डॉक्टरांना विचारलंस का?

"ताई, 33 वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. पुण्यात असतो. मला डूला, म्हणजे बाळंतपणात शेजारी राहून सोबत करणारी बाई, ठेवायचीये, एकीला दोनदा भेटलेय, खूप छान आहे. सासूबाई म्हणतात, पाठ चोळायला एवढे पैसे कोण देतं, आमच्या वेळी असली नाटकं नव्हती. नवरा म्हणतो मी आहे ना. रोज यावरून वाजतं. (हॉस्पिटलमध्ये अजून विचारलं नाहीये, डॉक्टर मॅडम जरा चिडक्या आहेत, त्या वेळी डूला बघून घेईल.) गुरुवारी चेकअप आहे, त्याआधी सासूबाईंना कसं पटवू?"

अगं, तुझं मूळ पत्र दोन पानी आहे, त्यातलं दीड पान सासूबाईंवर खर्च केलंयस, आणि ज्या वाक्यावर सगळं अडकलंय ते कंसात टाकून मोकळी झालीस. डूला बघून घेईल म्हणजे नक्की काय बघून घेईल? लेबर रूममध्ये कोणी यायचं ते हॉस्पिटल ठरवतं, डूला नाही. कळा सुरू झाल्यावर रात्री दोनला काउंटरवरचा माणूस "पेशंटबरोबर एकच जण" म्हणाला की तुझी ती छान डूला बाहेर बाकड्यावर बसेल, पैसे भरून.

आणि बाकड्यावरच्या डूलाचा काडीचा उपयोग नाही, कारण तिचं सगळं कामच शेजारी असण्याचं आहे. ती तपासत नाही, औषध देत नाही, ठोके बघत नाही, ते नर्स-डॉक्टरचं काम. ती कंबर दाबते, चालवते, घोटभर पाणी देते, नर्स घाईघाईत काय बोलून गेली ते परत सांगते, नवऱ्याला सांगते जा काहीतरी खाऊन ये. तुझ्या सासूबाई म्हणतात तेच, पाठच चोळते. पण ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलमधे, जिथे बायका कळा देताना एकट्याच असायच्या, क्लाऊस आणि केनेल या डॉक्टरांच्या टीमने काही जणींजवळ एक अनोळखी, काहीही ट्रेनिंग नसलेली बाई बसवली, पाठ चोळायला, हात धरायला, बोलायला. 1980 मधे तो अभ्यास छापून आला, छोटासाच होता, पण ॲडमिट झाल्यापासून बाळ होईपर्यंत सोबत असलेल्यांना सरासरी 8.8 तास लागले आणि एकट्या असलेल्यांना 19.3. पुढे कॉक्रेनने, म्हणजे जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, 2017 मधे 17 देशांतल्या 15,000 हून जास्त बायकांचे अभ्यास एकत्र केले तेव्हा फरक इतका नाट्यमय नव्हता, कळा साधारण 40 मिनिटांनी कमी, पण सिझेरियनही कमी झाले आणि बाळंतपणाची कटू आठवण राहिलेल्या बायकाही कमी.

माझ्या वेळी डूला हा शब्दच कोणाला माहीत नव्हता. वॉर्डातल्या एका मावशींनी रात्रभर माझी कंबर दाबली, मला त्यांचं नावही माहीत नाही, सकाळी सातला त्यांची ड्युटी संपली आणि त्या निघाल्या तेव्हा मी लहान मुलीसारखी रडले. डूलाची ड्युटी सातला संपत नाही, एवढ्याचेच पैसे आहेत ते, आणि मला विचारशील तर जास्त नाहीत.

पण मला टोचलंय ते वेगळंच. जिच्या हातात तू स्वतःला आणि बाळाला देणारेस तिला एक साधा प्रश्न विचारायची तुला भीती वाटतेय, आणि त्या भीतीवर तू माणूस नेमते आहेस. चांगली डूला तुझ्या वतीने डॉक्टरशी भांडत नाही गं, ती कानात सांगते "हे का करतायत, विचार त्यांना". विचारायचं तुलाच.

तर गुरुवारी केबिनमधे गेलीस की सोनोग्राफीचे रिपोर्ट काढायच्या आधी एवढंच म्हण: "मॅडम, माझ्याबरोबर डूला असणारे, लेबर रूममधे ती आणि नवरा दोघं चालतील का?" आणि मग गप्प बस. "नाही म्हणजे, असंच विचारलं" हे शेपूट लावू नकोस आणि नवऱ्याला मधे बोलू देऊ नकोस. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीण असू द्यावी असं केंद्र सरकारने 2016 मधेच सांगितलंय, त्यामुळे तू काही जगावेगळं मागत नाहीयेस. चिडल्या तर चिडू देत, 33 व्या आठवड्यात चिडलेल्या बऱ्या, तुझ्याकडे दुसरं हॉस्पिटल बघायला वेळ आहे, 39 व्यात नसेल. एकालाच परवानगी आहे म्हणाल्या तर आलटूनपालटून चालेल का ते तिथल्या तिथे विचार, आणि हो म्हणाल्या तर फाईलवर लिहून घे, कारण रात्री दोनला मॅडम नसतील, फाईल असेल.

सासूबाईंचं काय, त्यांना पटवायची गरजच नाहीये, त्या काही लेबर रूमच्या दारावर नसणारेत. बुधवारी रात्री त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, लवकर झोप, आणि गुरुवारी मॅडम काय म्हणाल्या ते मला कळव.