वाचकांचे प्रश्न : सौर छताची ई-रिक्षा

प्रश्न : माझी ई-रिक्षा 48 व्होल्टची आहे, 12 व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या. टपावर 335 वॅटचं पॅनल बसवलं. मे महिन्यात एवढं ऊन असूनही जेमतेम सात-आठ किलोमीटर जादा मिळतात. दुसरं पॅनल घ्यावं का? – एक रिक्षाचालक, जालना

उत्तर : इतक्यात नको. आधी हिशोब बघा. मेमध्ये आडव्या पॅनलला दिवसभरात साधारण सहा तासांच्या भर उन्हाएवढी ऊर्जा मिळते, म्हणजे 2 युनिट. उष्णता, धूळ, कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारा डबा) यांत जवळपास तीस टक्के जातात. उरलेल्यातला पाचवा हिस्सा बॅटरी चार्ज होतानाच खाते. हाती उरतं 1.1 युनिट. किलोमीटरला 60 वॅट-तास धरले तरी 18 किलोमीटर व्हायला हवेत. तुमची वीज वाटेत गळतेय.

पहिला संशय कंट्रोलरवर. तुमचं पॅनल 72 सेलचं, म्हणजे काचेखालच्या 72 तुकड्यांचं, असेल तर उन्हात 37 व्होल्टच्या आसपास चालतं, तापल्यावर त्याहून खाली. बॅटऱ्या भरायला 56 ते 58 व्होल्ट लागतात. म्हणून व्होल्टेज चढवणारा बूस्ट एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलरच हवा. बाजारात नुसतं ‘एमपीपीटी’ असं स्टिकर लावलेला मालही खपतो. भर दुपारी, बॅटऱ्या अर्ध्या उतरलेल्या असताना, कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना डीसी क्लॅम्पमीटरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) अँपिअर मोजा, मल्टिमीटरने व्होल्ट, आणि गुणाकार करा. बॅटऱ्या भरलेल्या असतील तर कंट्रोलर आपणच करंट कमी करतो, तेव्हा ती चाचणी फसवी. पॅनलकडे 260 वॅट आणि बॅटरीकडे 160 दिसले, तर चोर सापडला. चांगल्या कंट्रोलरमध्ये फरक पाच-सात टक्क्यांचाच असतो.

पॅनलकडेच आकडा कमी असेल तर टपावर चढा. पत्र्याला चिकटवलेलं पॅनल खालून वारा न लागल्याने 70 अंशांपर्यंत तापतं, आणि 25 अंशांच्या वर दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज घटते. म्हणजे सहावा हिस्सा तिथेच गेला. खाली पाच सेंटिमीटर पोकळी ठेवा, पुढून-मागून उघडी. कॅरिअरची नळी किंवा झेंड्याची काठी सेलच्या एका रांगेवर पडली तरी पॅनलचा एक तृतीयांश भाग बंद पडू शकतो. आणि स्टँडवर लिंबाखाली रिक्षा लावत असाल तर सावली तुम्हाला सुखाची, पॅनलला नाही.

पॅनल धुणं सकाळी, काच थंड असताना. बोअरचं पाणी क्षारांचं असलं तर वाळण्याआधी पुसून घ्या, नाहीतर काचेवर पांढरा थर धरतो.

आठवड्यातून एकदा रात्री घरच्या चार्जरने बॅटऱ्या पूर्ण भरा. रोज अर्धवट राहिल्या की प्लेटवर सल्फेट साचतं.

प्रश्न : पॅनल नाही, तरी रेंज वाढेल का? – एक वाचक, परभणी

उत्तर : हो. दोन किलोमीटर चालवून तिन्ही चाकांच्या ब्रेक ड्रमजवळ हात न्या. एक जास्त तापलेला असेल तर ब्रेक लायनर घासतोय, सैल करून घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना, टायर कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत भरा.