अक्षांश जातो की अक्षवृत्त जाते?

प्रश्न असा आला आहे : ‘कर्कवृत्त भारतातून जाते’ हे आपण शाळेपासून म्हणतो. बातम्यांत मात्र ‘कर्करेषा’ दिसते आणि क्वचित ‘साडेतेवीस अंश अक्षांश भारतातून जातो’ असेही वाचायला मिळते. तिन्ही प्रयोग बरोबर आहेत का?

तिसरा टाळावा. अक्षांश हा कोन आहे. एखादे ठिकाण विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, एवढेच तो सांगतो. सारखाच अक्षांश असलेली सगळी ठिकाणे जोडत गेले की पृथ्वीभोवती जे वर्तुळ पुरे होते ते अक्षवृत्त. देश आणि समुद्र ओलांडत जाते ते हेच. म्हणून गावाचा अक्षांश सांगावा आणि अक्षवृत्त त्या गावावरून न्यावे.

पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर. त्या अक्षवृत्तावरून पूर्वेकडे निघालो तर तेलंगण, बंगालचा उपसागर, म्यानमार, थायलंड, लाओस, व्हिएतनाम, चीनचे हायनान बेट आणि फिलिपिन्समधल्या लुझॉनचे उत्तर टोक लागते. मग अथांग पॅसिफिक. हवाईचे मोठे बेट थोडक्यात उत्तरेला राहून जाते आणि जमीन लागते ती थेट मेक्सिकोत. पुढे कॅरिबियन समुद्रात पोर्ट-ओ-प्रिन्स, सांतो दोमिंगो आणि सान हुआन ही तिन्ही शहरे जवळपास पुण्याच्याच अक्षवृत्तावर आहेत, हे मला फार विलक्षण वाटते. अटलांटिक ओलांडला की सहारा, तांबडा समुद्र, अरबस्तान, अरबी समुद्र, आणि रेवदंड्याच्या आसपास पुन्हा कोकण. एकंदर वाटचाल सुमारे ३८,००० किलोमीटर.

‘वृत्त’ या शब्दाची खरी किंमत इथे कळते. नकाशावर सगळ्या आडव्या रेषा सारख्याच लांबीच्या दिसतात, प्रत्यक्षात ही वर्तुळे ध्रुवाकडे लहान होत जातात. विषुववृत्त सुमारे ४०,०७५ किलोमीटरचे, तर ६० अंशांचे अक्षवृत्त त्याच्या निम्मे. उत्तरेतले ६० अंशांचे अक्षवृत्त ऑस्लो, हेलसिंकी, सेंट पीटर्सबर्ग या शहरांच्या जवळून जाते. दक्षिणेतले मात्र कुठेही जमिनीला शिवत नाही, सबंध फेरा पाण्यातूनच. ‘कर्करेषा’ला मी चूक म्हणणार नाही, पण ते हिंदीतल्या ‘कर्क रेखा’चे वळण आहे. आकार सांगणारा शब्द आपल्याकडे रुळलेला असताना तो सोडू नये.

हिंदीत विषुववृत्ताला ‘भूमध्य रेखा’ म्हणतात. भास्कराचार्यांनी मात्र भूमीची मध्यरेखा म्हटले आहे ते लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून मेरूपर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुवापर्यंत, जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेला. म्हणजे जवळजवळ तोच शब्द एकीकडे उभ्या रेषेला आणि दुसरीकडे आडव्या वर्तुळाला! जुने ज्योतिषग्रंथ वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

‘अक्ष’ ही संज्ञाही त्याच परंपरेतली. सिद्धांतग्रंथांत, म्हणजे खगोलगणिताच्या जुन्या ग्रंथांत, अक्षांशाच्या कोनालाच अक्ष म्हणतात, आणि तो मोजायची रीत सुरेख आहे. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, बारा अंगुळे उंचीचा शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उन्हात उभा करायचा आणि मध्यान्हीची सावली मोजायची. ती पलभा. पुण्यात ती जवळपास चार अंगुळे भरते. पलभेला बाराने भागले की अक्षांशाची स्पर्शज्या (त्रिकोणमितीतला ‘टॅन’) मिळते. विषुववृत्तावर त्या वेळी सावली पडतच नाही.

कर्कवृत्तातली ‘कर्क’ रास सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, आहे. सूर्य त्या वृत्तावर माथ्यावर येतो २१ जूनच्या सुमारास, तर पंचांगातली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली, कर्क संक्रांत असते १६ जुलैच्या आसपास. या दोन तारखा एक मानू नयेत.

कोरियाच्या बातम्यांत ‘३८वा अक्षांश’ असे येते, तिथेही ‘३८ अंश उत्तर अक्षवृत्त’ म्हणणे नेमके. १९४५ मध्ये फाळणी झाली ती या वृत्तावर. १९५३ च्या युद्धविरामानंतरची सीमारेषा मात्र त्याला तिरकी छेदते, पश्चिमेला थोडी दक्षिणेकडे आणि पूर्वेला उत्तरेकडे. तेव्हा आजच्या सीमेला ‘३८ अंशांचे अक्षवृत्त’ म्हणू नये.