पहिल्यांदा फुल इंग्लिश (तळलेला भरपेट इंग्लिश नाश्ता) करतोयस तर
अरे घाई करू नकोस, सगळा खेळ क्रमाचा आहे. सॉसेजेस सगळ्यात आधी, मंद आचेवर चांगली २० मिनिटं फिरवत राहा आणि काट्याने टोचू नकोस, रस निघून जातो. मग बॅक बेकन (डुकराच्या पाठीकडच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ चकत्या), त्याच चरबीत मशरूम, अर्धे कापलेले टोमॅटो, ब्लॅक पुडिंगच्या चकत्या (हे डुकराच्या रक्ताचं सॉसेज; मँचेस्टरजवळच्या ‘बरी’ नावाच्या गावचं मिळालं तर सोडू नकोस, ते फेमस आहे). उरलेल्या चरबीत ब्रेड तळ, मला टोस्टपेक्षा तोच आवडतो. अंडी एकदम शेवटी, बलक वाहता हवा. बीन्स (टोमॅटो सॉसमधले, डब्यातले) छोट्या वाटीत वेगळे दे नाहीतर सॉस प्लेटभर पसरतो नि कुरकुरीत ब्रेड मऊ पडतो. हॅश ब्राउन (किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्या) अमेरिकेतून आलेत, मी घेत नाही. प्लेटा आधी ओव्हनमध्ये गरम करून घे, आणि चहा कडक, दूध घालून.