कळा चालू असताना एचआयव्हीची तपासणी का करतात?

तुम्ही लिहिलंय की वहिनींना रात्री दोन वाजता सरकारी दवाखान्यात नेलं, कळा चालू असतानाच सिस्टरनी एचआयव्ही तपासणीसाठी सही मागितली आणि घरचे भडकले, "आमच्या सुनेवर संशय घेता का?" मी लेबर रूममधली नर्स. हा प्रश्न मी दारातच ऐकते, बहुतेक वेळा सासूबाईंच्या तोंडून.

संशयाचा काही संबंध नाही. वहिनींजवळ आधीचा रिपोर्ट नसणार, बस. ही तपासणी खरं तर गरोदरपणी नाव नोंदवतानाच होते. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या गावी नोंदवलेलं, सोनोग्राफी खासगीत, फाइल सासरच्या कपाटात आणि पोरगी कळा देत आमच्या दारात! रिपोर्ट नसेल तर आम्ही प्रत्येकीला विचारतो, मग ती कुठल्याही घरची असो.

वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या दवाखान्यात २००६ साली नऊ महिने हेच करून पाहिलं होतं, दिवसरात्र, प्रसूती कक्षातच. १,२५२ बायकांना विचारलं, १,२२२ जणी हो म्हणाल्या. त्यातल्या ८२ टक्के बायकांजवळ आधीचा रिपोर्ट नव्हता किंवा अर्धवट होता. १५ जणी बाधित निघाल्या आणि त्यांपैकी ११ जणींना ते तिथेच पहिल्यांदा कळलं. चार महिन्यांनंतरही १३ बाळं निगेटिव्ह होती. दोन बाधित बाळं मात्र महिन्याच्या आत गेली.

इतक्या उशिरा कळून उपयोग काय, असं वाटेल. आहे. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, अंगावरचं दूध धरून. वेळेत उपचार मिळाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. त्यातला मोठा धोका ऐन बाळंतपणातला, बाळ रक्तातून-पाण्यातून बाहेर येतं तेव्हाचा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाचा निकाल अर्ध्या तासात हातात येतो. पॉझिटिव्ह आला तर आईला लगेच गोळ्या सुरू होतात, आम्ही पाणमोट मुद्दाम फोडत नाही, टाका लागेल असा छेद शक्यतो टाळतो. बाळाला जन्मल्याबरोबर औषधाचं सिरप, ते पुढे काही आठवडे. सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्ताची वेगळी तपासणी आणि दीड वर्षानं शेवटची. आईचा तो पहिला निकालही पक्का धरत नाहीत, वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासतात.

नाही म्हणता येतं का? येतं. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही. नकार दिला म्हणून बाळंतपण करायला कोणी नाही म्हणू शकत नाही. आणि सही बाईची स्वतःची लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. आता कळ आलेली असताना कोण काय समजून घेणार, हे मलाही कळतं. म्हणून मी दोन कळांच्या मधे बोलते, नातेवाईकांना बाहेर काढून, चार वाक्यांत. बाकीचं सगळं बाळंतपणानंतर काउन्सेलर निवांत बसून सांगतात. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं असेल तर मी कागद पुढे करतच नाही. आधी बाळ, मग कागद.

तुमच्या घरच्यांच्या रागात मला एक गोष्ट मात्र पटते. निकाल चारचौघांत सांगणारे लोक आहेत. मी पूर्वी जिथे होते तिथे केसपेपरवर लाल शाईनं मोठी खूण करायचे. झाडूवालीपासून शेजारच्या कॉटवरच्या नातेवाइकापर्यंत सगळ्यांना कळायचं. तो सरळ कायदेभंग आहे. असं दिसलं तर भांडा, जरूर भांडा. तपासणीशी भांडू नका.

वहिनींचा निकाल निगेटिव्ह आला असेल तर तो कागद बाळाच्या लसीकरणाच्या कार्डातच ठेवा, सासरी जाताना कार्डाबरोबर आपोआप जाईल. नवरा-बायकोपैकी कोणाला अलीकडे लागण होण्याची शक्यता असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या. अगदी ताजी लागण या चाचणीत दिसत नाही.