‘ताई, पोरगी घरमा बी बोलत नही’

अकरावीचे प्रवेश उरकले की पारोळा, अमळनेर, चाळीसगावकडचे आईवडील जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊ लागतात. तक्रार ठरलेली : पोर शहरात शिकायला आलं आणि परकं झालं.

त्यांतलीच ही एक मुलगी (ओळखीचे तपशील बदलले आहेत). वर्गात तोंडून ‘मला’ऐवजी अहिराणीतलं, म्हणजे खानदेशी बोलीतलं ‘माले’ निघालं, मागच्या बाकावर हशा पिकला. तेव्हापासून ती गप्प. घरीही अहिराणी बंद, आणि आईला बजावलं, ‘पालकसभेला येऊ नको.’

मी तिला ‘मी कोण?’ याची वीस उत्तरं लिहायला दिली. कुन आणि मॅकपार्टलंड या अभ्यासकांची ही १९५४ पासूनची साधी रीत मला आजही सगळ्यांत भावते. तिनं चारच लिहिली. मी खेड्यातली. मी गावंढळ. मी गणितात कच्ची. मी बोअर.

‘हे कोण म्हणतं?’

‘वर्गातले.’

‘आता घरच्या बोलीत लिही. शुद्धलेखन मी तपासणार नाही.’

बराच वेळ पेन नुसतं फिरवलं. मग लिहिलं, ‘मी मोठीमायनी लाडकी नात शे.’ खाली, ‘मी कानबाईना गाणा म्हनस’ (कानबाई ही खानदेशातली देवी). ‘मी कापूस येचस.’ कागद पालथा करून मागेही लिहिलं. गाण्याच्या ओळीवर बोट ठेवून मी विचारलं, ‘ही मुलगी वर्गात येते का?’ ती म्हणाली, ‘तिला हॉस्टेलवर ठेवून येते.’

माझ्या मते सगळी मेख इथेच होती. बोलीबरोबर तिनं आजी, गाणं, शेतातली हुशारीही गुंडाळून ठेवली होती. उरलं ते वर्गानं चिकटवलेलं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन सांगतो ते मला रोज दिसतं : या वयात ‘मी कोण’ हे एकट्यानं ठरत नाही, आसपासच्यांनी ओळख द्यावी लागते. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंच्या लेवा बोलीतल्या ओव्यांचा अभिमान मिरवणारा, २०१८ साली विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालेला हाच जिल्हा, आणि ‘माले’वर हसणाराही हाच!

पालकांनो, मार्क जातील या भीतीनं घरातली अहिराणी बंद करू नका. प्रमाण मराठी तिच्या जोडीला येते. मूल लाजलं तर ‘आमची लाज वाटते का?’ असं अंगावर जाऊ नका. हसलं कोण, कशावर, ते आधी विचारा. शिक्षकांनी उत्तर आधी ऐकावं, भाषा नंतर, आणि तीही एकट्यात सुधारावी.

पुढच्या पालकसभेला आई गेली. गणिताची शिकवणी मात्र लावावी लागली. तिथे ती खरंच कच्ची होती.