दोन फादर, दोन उत्तरं

प्रिय ताई,
आम्ही वसईचे. मुलगा 28 वर्षांचा, पुण्याला नोकरीला. शनिवारी रात्री घरी येतो आणि रविवारी सातच्या मिस्साला कोयरमध्ये कीबोर्ड वाजवतो, अगदी नववीत असल्यापासून. ईस्टरनंतर एका रात्री मी भांडी आवरत होते, तेव्हा त्याने सांगितलं की तो गे आहे. मुलींबद्दल त्याला तसं कधी वाटलंच नाही. मला काही सुचेना. मिस्टरांचे चुलतभाऊ फादर आहेत, ते जेवायला आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, एक डॉक्टर ओळखीचा आहे, सहा महिन्यांत सुधारेल. नाहीतर मुली बघायला लागा, लग्न झालं की ठीक होईल. मग आमच्या चर्चमधल्या तरुण फादरांना विचारलं. ते म्हणाले, वाजवू दे त्याला, फक्त बाहेर बोलू नका. मोबाइलवर वाचलं की पोपनी अशा लोकांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. मग खरं कुणाचं धरायचं? मिस्टर त्याच्याशी बोलत नाहीत. तो आला की ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसतात. आमचं कुठे चुकलं?
– एक आई

ताई,

फादरांकडे येते, पण आधी दुसरं विचारते. मुलाने सांगितलं ते एकट्या तुम्हाला. तिथून ती गोष्ट दोन फादरांपर्यंत गेली. त्याला हे माहीत आहे का? पत्रावरून तरी वाटत नाही. म्हणजे येत्या रविवारी तो कीबोर्डवर बसेल तेव्हा वेदीवरच्या फादरांना सगळं ठाऊक असेल, आणि हा समजत असेल की आईशिवाय कुणाला माहीत नाही. तुम्ही घाबरून बोललात, हे मला कळतं. माझं माहेर तुमच्याच बाजूचं. आपल्याकडे घरात काही झालं की पाय आधी फादरांकडे वळतात. पण हे कुमसार, म्हणजे फादरांपुढची पापांची कबुली, नव्हतं. कुमसारात सांगितलेलं फादरांना मरेपर्यंत कुणाजवळ काढता येत नाही. जेवताना दिराला सांगितलेल्या गोष्टीला असं कुलूप नसतं. तेव्हा आज रात्रीच फोन करा आणि सांगा, मी दोघांना बोलले, तुला विचारलं नाही, माझं चुकलं. तो चिडेल. चिडू द्या.

आता फादर. तुमच्या दोघाही फादरांनी चर्चचं म्हणणं अर्धवट सांगितलं, आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचं अर्धं उचललं. कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, या विषयावर तीन परिच्छेद आहेत, 2357 ते 2359. समलिंगी शरीरसंबंध चर्चला मान्य नाहीत, हे तिथे स्पष्ट आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्याच पानावर असंही आहे की या माणसांना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारायचं आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव होऊ द्यायचा नाही. ही प्रवृत्ती मनात कशी निर्माण होते, याचा फारसा उलगडा झालेला नाही, अशी कबुलीही तिथे आहे. म्हणून 'आमचं कुठे चुकलं' याचं उत्तर तुमच्या दिराकडे असेल असं मला वाटत नाही.

भांडण आहे ते ही दोन्ही म्हणणी, संबंध मान्य नाहीत आणि माणसाला स्वीकारा, एकत्र घेऊन चालायचं कसं, याचं. आणि ते तुमच्या चर्चपुरतं नाही, अर्ध्या शतकापासून चालू आहे. अमेरिकेत सिस्टर जिनीन ग्रॅमिक आणि फादर रॉबर्ट न्यूजंट यांनी 1977 मध्ये 'न्यू वेज मिनिस्ट्री' सुरू केली. आधी या माणसांचं ऐकून घ्या, असा त्यांचा आग्रह. 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डिनल टेरेन्स कुक यांच्या पुढाकाराने फादर जॉन हार्वी यांनी 'करेज' उभं केलं. तिथे भर ब्रह्मचर्यावर, प्रार्थनेवर आणि एकमेकांना आधार देण्यावर. पहिल्या गटाला रोमने 1999 मध्ये फटकारलं, सिस्टर आणि फादर दोघांनाही या कामाला कायमची बंदी घातली. आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच सिस्टरना पोप फ्रान्सिस व्हॅटिकनमध्ये भेटले! कॅटेकिझमचा मजकूर तोच होता. बदलली ती वागणूक. मला विचाराल तर मी सिस्टरांच्या बाजूची. पण 'करेज'मध्ये स्वतःच्या मर्जीने जाऊन समाधान मिळालेली माणसंही आहेत, त्यांना मी खोटं ठरवणार नाही. खटकतं ते मर्जी दुसऱ्याचीच असली की.

तुम्ही वाचलंत ते आशीर्वादाचं प्रकरण 18 डिसेंबर 2023 चं. समलिंगी जोडप्याने मागितला तर फादर साधा आशीर्वाद देऊ शकतात, मात्र लग्नविधीसारखं काही दिसता कामा नये, असं ते पत्रक होतं. त्यावर इतका गदारोळ झाला की दोनच आठवड्यांनी व्हॅटिकनला खुलासा करावा लागला, की हे दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. आफ्रिकेतल्या बिशपांनी तर आमच्याकडे हे होणार नाही म्हणून कळवलं. दहा-पंधरा सेकंदांवरून सगळं चर्च भांडत असेल तर एका धर्मग्रामात दोन फादरांची दोन उत्तरं निघणारच. नंतर पोप लिओ आले. शिकवण इतक्यात बदलेल असं वाटत नाही, पण दार सगळ्यांना उघडं, असं त्यांचं म्हणणं. 6 सप्टेंबर 2025 ला हजाराहून जास्त समलिंगी कॅथलिक, कित्येक आपल्या आईबापांसह, सेंट पीटर्सच्या पवित्र दारातून आत गेले. आपल्या सुप्रीम कोर्टाने 377 कलमातून या माणसांना मोकळं केलं तीही तारीख 6 सप्टेंबरच, वर्ष 2018. आणि मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशियस तर 2013 मध्येच म्हणाले होते की या माणसांना चर्च गुन्हेगार मानत नाही.

डॉक्टरचा विषय मात्र इथेच संपवा. ज्याला आजार नाही त्याला औषध कसलं? जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 मध्येच काढली. आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की असं 'बदलण्याचं' उपचार म्हणून काही करणं ही डॉक्टरची व्यावसायिक गैरवर्तणूक आहे. म्हणजे तो ओळखीचा डॉक्टर स्वतःचा परवाना धोक्यात घालतोय. दिरांना एवढंच सांगा, पुरे होईल.

आणि मुली बघण्याचं? त्या मुलीचा विचार तुमच्या पत्रात एका ओळीतही नाही, ताई. तीही कुणाच्या तरी वाडीतली, कुणाची तरी लाडकी असेल. फादरांना कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, शिकवायला मी कोण, पण त्यातलं 1098 वं कलम त्यांना आठवत असेल. वैवाहिक आयुष्य मुळापासून बिघडेल अशी गोष्ट लपवून, फसवून संमती मिळवली तर ते लग्न चर्चच्या लेखी लग्नच नाही. म्हणजे एक फादर तुम्हाला असा संस्कार सुचवतायत जो उद्या चर्चचंच न्यायालय रद्द ठरवेल. कुणी स्थळ आणलं तर तुम्हीच नाही म्हणा. त्याच्यावर ढकलू नका.

तरुण फादरांचं मला निम्मं पटतं. त्याने वाजवत राहावं. चौदा वर्षं सातच्या मिस्साला वेळेवर हजर राहणारा वादक सहज मिळत नाही, हे कोयरमास्तरना विचारा. तो गे आहे म्हणून त्याला उठवण्याचा आधार कॅटेकिझममध्ये नाही. उद्या तो कुणाबरोबर राहू लागला तर काही फादर वेगळं बोलतील, त्याची तयारी ठेवा. पण 'बाहेर बोलू नका' हे फादरांनी ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. कधी, कुणाला, किती सांगायचं हे त्याचं. त्याला गप्प राहायचं असेल तर तुम्हीही गप्प राहा, आणि सांगायचं असेल तर त्याच्या शेजारी उभ्या राहा. बायका काही बोलल्या तर? बोलतील. वसई आहे.

अमेरिकेतल्या बिशपांच्या एका समितीने 1997 मध्ये तुमच्यासारख्या आईबापांसाठीच एक संदेश काढला, 'ऑल्वेज अवर चिल्ड्रन', म्हणजे नेहमी आमचीच मुलं. काही बिशपांना तो रुचला नाही, पुढच्या वर्षी दुरुस्त्या झाल्या, पण मुलाला तोडू नका हे तसंच राहिलं. मिस्टरांना मात्र हे वाचायला देऊ नका. रागावलेल्या माणसाच्या हातात कागद दिला की तो चुका शोधतो. त्यांना पोप फ्रान्सिसचं सांगा. 2018 मध्ये डब्लिनहून परतताना विमानात त्यांना विचारलं होतं, मुलाने असं सांगितलं तर बापाने काय करावं? ते म्हणाले, प्रार्थना करा, दोष देऊ नका, बोला, समजून घ्या, मुलाला जागा द्या. (त्याच उत्तरात मानसोपचाराचाही शब्द निघाला, त्यावरून ओरड झाली आणि व्हॅटिकनने छापील मजकुरातून तो काढला. दीर नेमका तेवढाच शब्द पुढे करतील, म्हणून सांगून ठेवते.)

मिस्टर लगेच बोलतील असं मला वाटत नाही. त्यांना टेबलावर बोलावत बसू नका. या शनिवारी तुम्ही मायलेकरं आपापलं ताट उचला आणि टीव्हीसमोर त्यांच्याशेजारी जाऊन बसा. विषय काढू नका. जे लागलं असेल ते बघा. आमटी हवी का, एवढं दोघांनाही विचारा.

– तुमची ताई